एकशिंग्याचा बोजारा

मोजा हरवला म्हणून माणसानं डोळे पुसावेत का? तेही स्वतःचा नव्हे, कार्टूनमधला? तुलाराम तितिरमारे यांना विचाराल तर ते म्हणतील, छे, कायले? पण त्या संध्याकाळी कचेरीतून दमूनभागून आलेल्या तुलारामजींच्या गालावरून पाणी ओघळत होतं, हे रुखमाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि भाताची पळी हातातच राहिली.

"अजी, काय झालं? कोणी गेलं काय?"

"नाही."

"मंग?"

"मोजा हरवला."

"कोणाचा?"

"मोज्याचाच. जोडीतला होता ना तो."

रुखमाबाईंनी आधी नवऱ्याकडे, मग त्यांच्या शेजारी मोबाईल धरून बसलेल्या तृप्तीकडे पाहिलं. "पोट्टीनं बापाले येडं केलं," एवढं देव्हाऱ्याच्या दिशेनं सांगून त्या भाताकडे वळल्या.

तृप्ती ही त्यांची एकुलती एक लेक. नागपूरच्या एका कॉलेजात ती ॲनिमेशन शिकत होती आणि हे तिचं शेवटचं वर्ष होतं. शेवटच्या वर्षाला दोन मिनिटांची फिल्म करावी लागते. सर म्हणाले, आधी जगभरातल्या छोट्या ॲनिमेशन फिल्म बघा, त्यातून प्रेरणा घ्या. हॉस्टेलच्या खोलीत पोरी चार आणि टेबल एक, म्हणून तृप्ती प्रेरणा घ्यायला घरी भंडाऱ्याला आली. एकटीनं पाहून प्रेरणा होत नाही, शेजारी प्रेक्षक लागतो, असं तिचं म्हणणं. रुखमाबाई फिल्म सुरू होण्याआधीच झोपत. उरले तुलारामजी.

मग काय विचारता! आजचा रडू न येणारा कांदा झाला की उद्या आगपेटीतली म्हातारी काडी. परवा स्वेटर विणता विणता ढगच विणून बसलेली बाई. कोणत्याच फिल्ममध्ये कोणी एक शब्द बोलत नसे. दिवसभर कचेरीत बोलणारी माणसं ऐकून आलेल्या तुलारामजींना सुरुवातीला याचंच फार बरं वाटलं. पण ही मुकी मंडळी शेवटच्या अर्ध्या मिनिटात असा काही गळा आवळत की जेवण जात नसे. बावन्नाव्या वर्षी माणसानं दमावं किती, आणि त्यात कांद्यासाठी हळहळावं किती?

ॲनिमेशन कसं होतं, ते मात्र त्यांना एका झटक्यात समजलं. तृप्ती सांगत होती, "बाबा, वस्तू थोडीशी सरकवाची, फोटो काढाचा. पुन्हा थोडीशी सरकवाची, पुन्हा फोटो. शेवटी पाहणाऱ्याले वाटते, वस्तू चालून राहिली."

"हे तं आमी रोजच करतो," तुलारामजी म्हणाले. आणि खोटं नव्हतं ते. एका सरकारी कचेरीत ते वरिष्ठ लिपिक. तिथे फाइल रोज अंगठाभर सरकते, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, काम चालू आहे. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा काही फायली तिकडे जायला निघाल्या होत्या, त्या अजून सरकतच आहेत.

पण प्रेरणेचं गणित काही जमेना. तृप्तीनं पहिली गोष्ट लिहिली ती देवळाबाहेर हरवलेल्या चपलेची. सर म्हणाले, "हा तर मोजाच आहे, फक्त त्याला चप्पल घातली." दुसरी लिहिली ती म्हाताऱ्या उदबत्तीची. सर म्हणाले, "ही आगपेटीतली काडी. प्रेरणा घे म्हटलं होतं, उचलून आण नव्हतं म्हटलं. तुझं स्वतःचं काय आहे यात?" आता एकच संधी. तिसरीही नापसंत झाली तर वर्ष गेलं.

आणि वर्ष गेलं तर? ते तृप्तीनं एका दुपारी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. "मंग मी घरी येतो, बाबा. डी.एड. करतो. चित्र काढणं हे माह्यासारख्याचं काम नाही."

तुलारामजींनी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. ही पोरगी चार वर्षांची होती तेव्हापासून ते कचेरीतले बाद झालेले कागद घरी आणत, आणि ती पाठकोऱ्या बाजूवर हत्ती काढी. तुटपुंज्या पगारात त्यांना दुसरं काही भारी जमलं नव्हतं. हे एक जमलं होतं. तिनं पेन्सिल खाली ठेवलेली त्यांना पाहवणार नव्हती.

गोष्ट कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे भैयाजी एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सल्ला देणं हा त्यांचा श्वास. आणि सल्ला संपला की समोर जे असेल त्याच्यावर बोटांनी दोनदा ठोकायची त्यांची सवय. दोनदा घंटी म्हणजे गाडी सोडा, आता चर्चा बंद.

"तृप्ती, मी सांगतो. व्यसनमुक्तीवर काढ. सरकार डोक्यावर घेते." टक टक.

"काका, माह्या मनातलं पायजे सरांना."

"मनातलं कोणाले पायजे बाप्पा? मधात एक गाणं टाक, झालं." टक टक.

समोरच्या शकुनबाईंचं वेगळंच. "कार्टून होय ना? मंग त्यात माह्या नातवाले घे. तसाच दिसते."

शेवटी सरावाच्या फोटोंना मागचा पडदा म्हणून जुनी चादर हवी होती, तेव्हा तृप्ती सज्ज्यावर, म्हणजे माळ्यावर, चढली आणि चादरीऐवजी एक गाठोडं घेऊन उतरली. गाठोड्यात वीतभर उंचीचा लाकडी बैल होता. चार चाकं, पाठीवर उडालेला निळा रंग, आणि शिंग एकच.

"राहू दे ते," तुलारामजी घाईनं म्हणाले.

"काहून? कोणाचा होय?"

विदर्भातल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. पोळा खऱ्या बैलांचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो लेकरांचा. लेकरं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात, घरची बाई नंदीला कुंकू लावून ओवाळते आणि लेकराच्या हातावर खाऊ नाहीतर नाणं ठेवते. त्याला बोजारा म्हणतात. तर गावाकडे, अड्याळला, तुलाराम सात-आठ वर्षांचा असताना, सजवलेला नंदी ओढत घरून निघाला आणि पहिल्याच नालीत, म्हणजे रस्त्याकडेच्या गटारात, पडला. त्याचं काही झालं नाही. नंदीचं शिंग गेलं. पोरं ओरडली, "एकशिंग्या आला! एकशिंग्या आला!" तुलाराम पहिल्या दारालाही न जाता घरी परतला, आणि पुढे कधी तान्ह्या पोळ्याला निघालाच नाही. नंदी मात्र त्यानं टाकला नाही. लग्न झालं, बदल्या झाल्या, घरं बदलली, गाठोडं प्रत्येक सज्ज्यावर चढलं.

एवढं सांगून तुलारामजी म्हणाले, "लाकूड होय ते. त्यात काय पाहतं?"

तृप्तीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग बैलाकडे. आणि त्या संध्याकाळी तिनं एकही फिल्म लावली नाही, तिसरी गोष्ट लिहिली. एकशिंग्या नंदी एकटाच बोजारा मागायला निघतो, दारोदार जातो, एकही दार उघडत नाही. शेवटच्या बंद दारासमोर उभा राहतो आणि अंधार पडतो. सरांनी फोनवर ऐकून विचारलं, "हे कुठे पाहिलंस?" तृप्ती म्हणाली, "आमच्या सज्ज्यावर." गोष्ट मंजूर झाली.

आता सुखानं फोटो काढावेत की नाही? पण कॉलेजच्या अर्जात एक रकाना होता: चित्रपटात प्राण्यांचा वापर आहे काय? तितिरमाऱ्यांच्या घराण्याचा प्रामाणिकपणा आडवा आला. तृप्तीनं लिहिलं, "होय. बैल एक." चार दिवसांत कॉलेजच्या ऑफिसातून उलट टपाली उत्तर आलं की बैलाला इजा होणार नाही, असा पशुवैद्यकीय दाखला जोडा.

"फोन करून सांग ना, लाकडाचा हाय म्हणून," रुखमाबाई म्हणाल्या.

"सांगितलं. ते म्हणतात, तसं दाखल्यावर लिहून आणा."

तुलारामजी चिडले नाहीत. त्या खुर्चीवर ते स्वतः असते तर त्यांनीही हेच मागितलं असतं. अर्धी रजा टाकून, बैल कापडी पिशवीत घालून ते जनावरांच्या दवाखान्यात गेले आणि एक शेळी व एक म्हैस यांच्यामध्ये रांगेत उभे राहिले. शेळीनं पिशवीचा बंद खाल्ला. म्हशीवाल्यानं आपुलकीनं विचारलं, "तुमचं काय, कुत्रं काय?"

"बैल."

म्हशीवाल्यानं पिशवीकडे पाहिलं आणि म्हशीला जरा पलीकडे ओढलं.

डॉक्टरसाहेब मान खाली घालूनच लिहीत होते. "काय तकलीफ आहे?"

"तकलीफ काही नाही, साहेब. शिंग तुटलेलं आहे."

"केव्हा तुटलं?"

"मी दुसरीत होतो तेव्हा."

साहेबांनी मान वर केली. तुलारामजींनी बैल टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला. पुढे तीस जनावरं उभी होती आणि साहेबही दमलेलेच होते. दमलेल्या माणसाला दमलेला माणूस ओळखू येतो. "कानाला बिल्ला नाही," ते पुटपुटले, "पण असू दे." आणि त्यांनी लिहून दिलं: सदर बैल लाकडी असून चित्रीकरणात त्यास इजा होण्याचा संभव दिसत नाही. एक शिंग पूर्वीपासून नाही. खाली सही, शिक्का. बाहेर पडताना कंपाउंडरनं जंताच्या औषधाची पुडी हातावर ठेवली. प्रत्येक बैलामागे एक द्यायची असते म्हणे, आणि सही केल्याशिवाय जाऊ देईना. ती पुडी कित्येक दिवस तितिरमाऱ्यांच्या फ्रिजवर पडून होती.

समोरच्या खोलीत चित्रीकरण सुरू झालं. खोक्यांची घरं, रंगवलेली दारं, खडूचा रस्ता, कडेला नाली, सगळं जेवणाच्या टेबलावर. घरचे जेवू लागले जमिनीवर. पंखा बंद, कारण खोक्यांची झाडं हलतात. कुकर बंद, कारण शिटीनं टेबल थरथरतं. तुलारामजींनी खोकायचं ते मोरीत जाऊन. बैल अंगठाभर सरकायचा, फोटो निघायचा. मधेच विजेची लाइन जायची. एकदा मुंगळा चौकटीत शिरला आणि फिल्ममध्ये हत्तीएवढा दिसला. तृप्तीनं तो दिवस फेकून दिला.

आणि एकदा भैयाजी आले. त्यांना बजावलं होतं, हात लावू नका. त्यांनी हात मागे बांधून सगळं पाहिलं, कौतुक केलं, सल्ला दिला, आणि सल्ला संपल्यावर सवयीनं टेबलावर बोटं ठोकली. टक टक. बैल दोन घरं ओलांडून नालीत गेला.

"भैयाजी!" तृप्ती रडायच्या बेतात आली.

"बरोबरच हाय ना," भैयाजी बिचकून म्हणाले. "नालीतच तं पडला होता तो."

असं करता करता पोळा येऊन ठेपला. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजात फिल्म द्यायची होती. उरलं होतं फक्त शेवटचं दृश्य: बंद दारासमोर उभा बैल आणि हळूहळू सरकत जाणारं ऊन. त्यासाठी तान्ह्या पोळ्याच्या दुपारी तृप्तीनं खिडकीपाशी टेबल ओढलं, मोबाईल तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला आणि तो आपला आपणच फोटो काढत राहील अशी सोय केली. अंधार पडेपर्यंत कोणी खोलीत पाऊल ठेवायचं नाही. रुखमाबाई माहेरच्या नंदीला ओवाळायला भावाकडे गेल्या. तुलारामजींना काहीतरी आणायला बाजारात पिटाळलं. कित्येक रात्रींची जागी तृप्ती आतल्या खोलीत पडली ती मेल्यासारखी झोपली.

फक्त एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. सणाच्या दिवशी या भागात समोरचं दार लावत नाहीत. लावायचं, हे कोणाला सुचलंच नाही.

तुलारामजी परत आले तेव्हा घर शांत होतं. टेबलावर त्यांचा एकशिंग्या उभा होता, आणि त्याच्या कपाळावर कुंकू होतं. तांदूळ होते, झेंडूचं फूल होतं, पायाशी करंजी, दोन गोळ्या आणि एक बिस्किटाचा पुडा होता. तुलारामजी क्षणभर दारातच थांबले. मोबाईलकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. तिकाटण्यावरची ती वस्तू आता त्यांना घरातल्या घड्याळासारखी झाली होती. पुढे त्यांनी काय केलं ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही पडली नाही.

जागी झालेली तृप्ती किंचाळली तेव्हा अंधारून आलं होतं. "कोणी लावलं हे? कोणी लावलं?"

उघडं दार थेट दिसतं ते शकुनबाईंच्या घरातून, म्हणून तुलारामजी जन्मात पहिल्यांदा शेजाऱ्यांशी भांडायला रस्ता ओलांडून गेले. "शकुनबाई, पोरीचं वर्ष गेलं तुमच्या कुंकवानं!"

शकुनबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वा जी वा! तान्ह्या पोळ्याच्या दिशी नंदी दारात उभा हाय, अन् मी पाहून तशीच जाऊ? कोणी ओवाळलं नव्हतं त्याले! मीच तं साऱ्या कॉलनीले सांगून आली. सणाच्या दिवशी बैल उपाशी ठेवता, अन् माह्यावरच चिडता काय?"

तुलारामजी खाली मान घालून परत आले.

पुन्हा काढायला ना ऊन होतं, ना दिवस. तृप्तीनं रडून झाल्यावर जे निघालं होतं ते नुसतं पाहायचं म्हणून लावलं. बापलेक शेजारी शेजारी बसले, मोज्याच्या वेळी बसले होते तसे. पडद्यावर बंद दार, एकशिंग्या, सरकणारं ऊन. आणि अचानक वरून हिरव्या बांगड्यांचा एक हात आला. कुंकू लागलं. मग दुसरा हात, झेंडू. मग मागच्या घरातल्या ताराबाईंचा करंजी ठेवणारा हात. लहान हात, मोठे हात, भराभर येऊन जाणारे. एक हात टेबलावर दोनदा ठोकतो, नंदी दोनदा टुणकन उडतो. दार बंदच, पण चारी बाजूंनी हातच हात.

शेवटी शाईचा डाग असलेला एक हात आला. त्यात चमकी लावलेला सोनेरी कागद होता, पोळ्याला बैलांच्या शिंगांना गुंडाळतात तो बेगड. हातानं तो तुटक्या शिंगाच्या खुंटावर हळूहळू गुंडाळला, बोटांनी दाबून बसवला. मग संपूर्ण चौकट भरून एक टक्कल खाली आलं, नंदीच्या पायांना टेकलं, आणि बराच वेळ हललं नाही.

तृप्तीनं तेवढं पुन्हा लावलं. तुलारामजींना भूमी दुभंगेल तर बरं, असं झालं. "ते टक्कल काप," ते कसेबसे म्हणाले.

"कापलं तं शेवट जाते, बाबा."

"लोक हसतील."

"हो. हसतील."

तुलारामजींनी बंद पंख्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. टकलापेक्षा पोरगी महत्त्वाची, हे ठरवायला माणसाला विचार करावा लागत नाही. तरी त्यांनी थोडा केला. "राहू दे," ते म्हणाले. "पंखा लाव आता."

कॉलेजच्या हॉलमध्ये ते स्वतः शेवटच्या रांगेत बसले होते. टक्कल खाली आलं तेव्हा पोरं खो खो हसली. मग टक्कल वर होईना, तसा हॉल शांत होत गेला. दिवे लागल्यावर सरांनी विचारलं, "हा शेवट कसा सुचला?"

"सुचला नाही, सर," तृप्ती म्हणाली. "शकुनबाई आल्या."

सरांनी चष्मा काढून पुसला. फिल्म चांगली आहे म्हणाले. फारच चांगली आहे म्हणाले. फक्त एक करा, हे जे सगळे हात दिसतात त्यांच्या मालकांच्या लेखी संमत्या आणून द्या. त्याशिवाय निकाल लावता येणार नाही, नियम आहे.

म्हणून पुढच्या रविवारी तुलारामजी कागद घेऊन शकुनबाईंच्या दारात उभे राहिले. शकुनबाईंनी कागद पाहिला, नंदीशिवाय आलेल्या तुलारामजींना पाहिलं, आणि सही करायला साफ नकार दिला. भांडण अजून जिरलं नव्हतं.

"ज्याच्यासाठी सही पायजे, तो कुठं हाय? त्याले आणा दारात. तान्हा पोळा झाला तरी तो कोणाच्या दारी गेला नाही. असं असते काय कुठं?"

"शकुनबाई, मी बावन्न वर्षाचा हाव. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणाचं ते म्हणतील. मी सही करत नाही."

तुलारामजी घरी आले. तृप्ती दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं नंदी खाली ठेवला आणि त्याच्या गळ्याला दोरी बांधली. सोनेरी शिंग अजून जागेवर होतं. "मी येतो संगं," ती म्हणाली.

दोरी तुलारामजींच्या हातात, कागद तृप्तीच्या. चाकं खडखडत होती. भैयाजी फाटकाशी उभे होते, पण पहिल्यांदाच त्यांनी कोणताही सल्ला दिला नाही. दोन पोरं सायकली थांबवून पाहत होती. तुलारामजी त्यांच्याकडे न पाहता, नाली सांभाळून, रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

शकुनबाई ओवाळणीचं ताट घेऊन तयारच होत्या. वाकून त्यांनी कुंकू लावलं, ओवाळलं आणि नंदीलाच विचारलं, "का रे, इतके दिवस कुठं होता?"

"निघालेलाच होता, बाई," तुलारामजी म्हणाले. "मधात नाली लागली."

शकुनबाईंनी त्यांच्या तळहातावर एक करंजी ठेवली आणि सहीसाठी पेन मागितला.